तीन नंबरचा टॉवर

मी लाल बटण दाबलं आणि दरीवर लटकलेले बाराही पाळणे जागच्या जागी झुलायला लागले.

चैत्रातला रविवार होता. सकाळचे अकरा वाजले होते. कडजाईच्या डोंगरावर जाणाऱ्यांची रांग खालच्या स्टेशनातून बाहेर पडून पार नारळवाल्यांच्या पालांपर्यंत गेली होती. रोपवेच्या कंट्रोल केबिनमध्ये काचेमागे मी बसले होते. समोर मोटारीवरचा भार दाखवणारा काटा, बाजूला वायरलेस आणि मधोमध ते बटण. अडीच वर्षांच्या नोकरीत मी ते एकदाही दाबलं नव्हतं.

वायरलेस खरखरला. वरच्या स्टेशनातून कुणीतरी ओरडत होतं, "ऊर्मिला, काय झालं? गाडं का थांबलं?"

का थांबलं ते मलाही धड सांगता येत नव्हतं. काटा दोनदा थरथरला होता आणि त्याच वेळी पायाखालच्या फरशीला बारीक ठोका बसल्यासारखं वाटलं होतं. एवढंच. हात आपोआप पुढे गेला होता. 

दार उघडून पेडणेकरसाहेब आत आले. दोन महिन्यांपूर्वीच ते आमच्याकडे मॅनेजर म्हणून आले होते. आधीची सगळी नोकरी बंदरावरच्या क्रेनवर झालेली, डावा कान तिथल्या आवाजानं अधू झालेला. त्यामुळे कुणी बोलायला लागलं की ते आधी वळून उजवी बाजू पुढे करत.

"काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"काटा हलला. दोनदा. आणि खाली ठोका बसल्यासारखं वाटलं."

"वाटलं की बसला?"

मी काट्याकडे बघितलं. मग म्हणाले, "वाटलं."

"त्या वेळी पाळणे कुठे कुठे होते?"

"बघितलं नाही, साहेब. माझं लक्ष काट्यावर होतं."

"बरं." त्यांनी वायरलेस उचलला. "वरचे, ऐका. मोटार बंद. डिझेल इंजिनावर घ्या, अगदी सावकाश. पाळणे रिकामे करायचे. वर नवीन कुणाला बसवायचं नाही. वर देवळात जे आहेत, त्यांतल्या धडधाकटांना पायऱ्यांनी यायला सांगा. म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बायका तेवढ्या शेवटी हळूहळू उतरवू."

"आणि मग?"

"मग आज बंद."

रविवारी रोपवे बंद! पौर्णिमेची मोठी जत्रा चार दिवसांवर, आणि त्याआधीच्या रविवारी बंद.  मला शेडगे आठवला.

शेडगे आमच्याकडे मेकॅनिक होता. आधीच्या मॅनेजरांच्या काळात त्यानं एकदा गिअरबॉक्समधून आवाज येतो म्हणून सांगितलं होतं. अर्धा दिवस रोपवे बंद ठेवून गिअरबॉक्स खोलला. काही निघालं नाही. मॅनेजर सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "शेडगे, कान तपासून घे." पुढच्या महिन्यापासून त्याला पार्किंगमध्ये उभं केलं. उन्हात शिट्टी वाजवत तो गाड्या लावून घ्यायचा. सहा महिन्यांनी स्वतःहूनच सोडून गेला. त्यानंतर आमच्या तपासणीच्या वहीत रोज एकच शेरा पडत होता: सर्व ठीक. पावसाळ्यात ठीक, उन्हाळ्यात ठीक. मी स्वतः ते किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही.

पेडणेकरसाहेबांनी आल्या आल्या ती वही वाचून काढली आणि म्हणाले, "लोखंडाचा दोर, पाच टॉवर, साठ-सत्तर चाकं आणि दोन वर्षांत कुणाला काहीच खटकलं नाही? नशीबवान आहात." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सकाळी साडेसातला सगळ्यांना स्टेशनच्या ओट्यावर उभं करायला सुरुवात केली. दहा मिनिटं. प्रत्येकानं काल काय खटकलं ते सांगायचं. आम्ही सतरा जण. सतराही जण रोज "काही नाही, साहेब" म्हणत होतो. साहेब मात्र रोज स्वतःचं काहीतरी सांगायचे. काल मी वाऱ्याचा वेग न बघताच हिरवा कंदील दिला. काल फिरोजनं मला दोनदा हाक मारली, मला ऐकूच आली नाही, त्यानं खूण करायला हवी असं मी आधीच सांगायला पाहिजे होतं. आम्ही एकमेकांकडे बघायचो. फिरोज मुलाणी, आमचा दुसरा मेकॅनिक, मागून पुटपुटायचा, "साहेब नवीन आहेत. शिकतील."

त्या रविवारी शेवटचा पाळणा खाली यायला दीड तास लागला. तोवर बाहेर बोंबाबोंब चाललेली. रोपवे चालवणाऱ्या देवस्थान ट्रस्टचे अध्यक्ष आबासाहेब गर्दीतून वाट काढत आले. त्यांची स्वतःची वहिनी एका पाळण्यात अडकली होती.

"कुणी थांबवलं?" त्यांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. "हिनं?"

"रोपवे थांबवायचा अधिकार केबिनमधल्या माणसाला आहे," पेडणेकरसाहेब म्हणाले. "तो तिनं वापरला."

"बिघाड काय आहे?"

"शोधतोय."

"म्हणजे बिघाड नाहीच!"

 साहेबांनी मेकॅनिकांना टॉवर वाटून दिले. एक आणि दोन फिरोजकडे, चार आणि पाच वरच्या स्टेशनच्या माणसांकडे. तीन नंबर नेहमीप्रमाणे भोईटेमामांकडे.

रंगनाथ भोईटे हे आमच्यातले सगळ्यात जुने. रोपवे उभा राहिला तेव्हा त्याचे खांब ओढायला जी माणसं होती, त्यांतले एक. वय सत्तावन्न. कमी बोलायचे. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. तीन नंबरचा टॉवर सगळ्यात उंच, पासष्ट फूट. तो दरीच्या घडीत उभा आहे. केबिनमधून त्याचा शेंडा तेवढा दिसतो, पायथा दिसत नाही. करवंदीच्या जाळीतून अर्धा तास चालत गेल्यावर तिथे पोचता येतं. मामा गेली कित्येक वर्षं तिथे एकटेच जात. "तीन नंबर माझा," असं म्हणायचे आणि कुणाची हरकत नसायची, कारण तेवढं चालायची कुणाला हौस नव्हती.

चार वाजेपर्यंत सगळे परत आले. फिरोज म्हणाला, काही नाही. वरचे म्हणाले, काही नाही. मामांनी वहीत सही केली आणि शेजारी लिहिलं: ठीक. मोटार तपासली, गिअरबॉक्स तपासला. कुठेही काही नाही.

"उद्या दहाला सुरू करू," पेडणेकरसाहेब म्हणाले. "आधी रिकाम्या पाळण्यांच्या दोन फेऱ्या, मग माणसं."

मी घरी गेले. आईनं विचारलं, आज लवकर कशी? मी म्हटलं, बहुतेक आता रोजच लवकर येईन.

सोमवारी साडेसातला आम्ही ओट्यावर उभे राहिलो. मी सगळ्यात मागे, खांबाच्या आडोशाला. साहेबांनी "धनवटेबाई" म्हणून मला पुढे बोलावलं. मला वाटलं, झालं. सगळ्यांसमोर होणार.

"काल धनवटेबाईंनी रोपवे थांबवला," ते म्हणाले. "आपण सगळं तपासलं. काही सापडलं नाही. त्याबद्दल मी त्यांचे आभार मानतो."

कुणाला काही कळेना.

"सापडलं नाही म्हणून आभार, साहेब?" फिरोजनं विचारलं.

"थांबवला म्हणून. शंका आली आणि खात्री नव्हती, तरी थांबवला. खात्री झाल्यावर कुणीही थांबवेल, पण तोवर उशीर झालेला असतो." मग त्यांनी खिशातून कागद काढला. "आता काल दीड तासात आपलं काय उघडं पडलं ते सांगा. मी सुरुवात करतो. पाळण्यातल्या लोकांना घाबरू नका म्हणून सांगायचं होतं, तर भोंग्याची बॅटरी उतरलेली. ती माझी जबाबदारी होती."

 मग तिकीट खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, पाळण्यात पाण्याची बाटली नव्हती, एका आजोबांना चक्कर आली. वरच्या स्टेशनचा माणूस म्हणाला, डिझेल इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं, गेल्या महिन्यापासून असंच होतंय. "महिनाभर?" साहेब एवढंच म्हणाले, आणि त्यांनी ते लिहून घेतलं. त्याच सकाळी प्रत्येक पाळण्यात पाण्याच्या दोन बाटल्या गेल्या आणि इंजिनाचा मिस्त्री बोलावला गेला. कुणाला कसलाही जाब विचारला गेला नाही.

लोक पांगले. मी केबिनकडे निघाले तर भोईटेमामा वाटेत उभे. हातात टोपी.

"पोरी, जरा थांब."

"काय मामा?"

"काल साहेब तुला आत बोलावून काय बोलले का?"

"नाही."

"एकांतात? जाताना? काही कागद बिगद दिला?"

"नाही मामा. जे बोलले ते आत्ता तुमच्यासमोर बोलले."

ते टोपीची कड बोटांनी फिरवत होते. मग म्हणाले, "दहाला गाडं सुरू व्हायचंय न्हवं?"

"हो."

"माझ्यासंगं चल. साहेबांकडं जायचंय. एकट्याला जमायचं न्हाई मला."

आम्ही ऑफिसात गेलो. साहेब उभ्या उभ्या चहा पीत होते. मामांनी दार लोटून घेतलं आणि ते साहेबांच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"साहेब, काल मी तीन नंबरवर चढलो न्हाई."

साहेबांनी कप खाली ठेवला.

"कालच न्हाई. संक्रांतीपास्नं चढलो न्हाई. वर गेलं की गरगरतंय. एकदा निम्म्यात हात सुटला, कमरंच्या पट्ट्यावर लोंबकळलो. कुणी बघितलं न्हाई. तवापास्नं खालनं बघतो आन् सही करतो. दुर्बीण हाय माझ्याकडं. पर खालनं चाकाची मागची बाजू दिसत न्हाई."

 संक्रांतीपासून म्हणजे तीन महिने.

 साहेबांचा चेहरा पडला होता. त्यावर राग दिसत होता आणि भीतीही. त्यांनी वायरलेस उचलला. "दहाची फेरी रद्द. रिकामे पाळणेही सोडायचे नाहीत. फिरोज, पट्टे घे, अजून एक माणूस घे. तीन नंबरवर जायचंय. मी येतो." मग मामांकडे वळले. "तुम्हीही चला. कुठे बघायचं ते तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही."

"मी?" मामा म्हणाले.

"खाली उभं राहून सांगायचं."

माझी केबिन बंदच होती, म्हणून मीही गेले. वाटेत करवंदं नुकती धरत होती. टॉवरखाली पोचल्यावर फिरोज आणि त्याचा जोडीदार पट्टे अडकवून चढायला लागले. मामा मान वर करून उभे होते. एका हातानं त्यांनी शेजारचं झाड धरलं होतं.

"उजव्या अंगाची चाकं," ते ओरडले. "उतरतीकडची. दुसरं चाक. त्याच्या मागं हात घाल. पिन लागती का बघ."

फिरोजनं चाकामागे हात घातला. मग फिरोजचा आवाज आला, एकदम बारीक.

"मामा, पिन बाहेर आलीय."

"किती?"

"दोन बोटं. लॉकची पट्टी नाहीच. पडली असणार कुठेतरी. चाक तिरकं झालंय."

त्या पिनेवर चाक असतं आणि चाकावर दोर. पिन पुरती निसटली असती तर चाक गळून पडलं असतं आणि दोर टॉवरवरून उतरला असता. त्या दोराला बारा पाळणे, आणि पौर्णिमेला प्रत्येक पाळण्यात सहा माणसं, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत.

मामा खाली दगडावर बसले. त्यांनी तोंड झाकून घेतलं नाही, रडले नाहीत. नुसते समोर बघत राहिले. पेडणेकरसाहेब त्यांच्या शेजारी जाऊन बसले. साहेब म्हणाले, "एकट्यानं चढायचा नियम कुणी केला होता?"

"नियम न्हाई. माणसं कमी पडत्यात, म्हणून."

"आणि दर वर्षीची तुमची डॉक्टरी तपासणी?"

"कोण करतंय, साहेब."

साहेबांनी खिशातला कागद काढून तेही लिहून घेतलं.

दुपारी आबासाहेब आले. ऑफिसचं दार उघडंच होतं आणि मी बाहेर वही घेऊन बसले होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"तीन महिने खोट्या सह्या केल्यात त्यानं. घरी बसवा."

"सह्या खोट्याच होत्या. तसं मी त्यांच्याकडून लेखी घेतलंय. टॉवरवर ते आता कधीच चढणार नाहीत."

"मी घरी बसवा म्हणतोय."

"घरी बसवलं तर आज त्यांनी सांगितलं ती त्यांची चूक ठरेल, आबासाहेब. आणि तीन महिने गप्प राहिले तो शहाणपणा ठरेल. बाहेर सोळा माणसं हेच बघत बसलीत."

"माझी वहिनी होती पाळण्यात."

"माहीत आहे मला." साहेब म्हणाले, "सत्तावन्न वर्षांचा माणूस पासष्ट फुटांवर एकटा चढतोय, आणि त्या वहीत खाली रोज मॅनेजर म्हणून माझी सही आहे. मी दोन महिन्यांत एकदाही विचारलं नाही की मामा, जमतंय का. काढायचंच असेल तर ती सही आधी बघा."

 आबासाहेबांचा स्वर खाली आला. "पौर्णिमेला चालेल का?"

"बुधवारी दुपारी सांगतो. आज सांगितलं तर ते नुसतं तुम्हाला बरं वाटावं म्हणून असेल."

सोमवार, मंगळवार, बुधवार आम्ही राबलो. पाचही टॉवरांवरचं एकूण एक चाक हात लावून तपासलं. टॉवर वाटून द्यायची जुनी पद्धत सोमवारीच मोडली. आता दोघांनी मिळून चढायचं आणि दर आठवड्याला जोड्या बदलायच्या. म्हणजे फिरोजनं बघितलेलं पुढच्या वेळी दुसरं कुणी बघणार. मामा खाली खुर्ची टाकून वायरलेसवर बसत आणि वरच्या माणसांना एकेक जागा सांगत. कुठली पिन पावसानंतर सैल होते, कुठल्या चाकाचा रबर आधी झिजतो. हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं, कुठल्याच वहीत नव्हतं. बुधवारी वाळूची पोती भरून पाळणे दिवसभर फिरवले. पौर्णिमेला रोपवे चालला, नेहमीपेक्षा थोडा हळू. लोकांनी कुरकुर केली आणि दर्शन घेऊन घरी गेले.

यानंतर मी बारा वर्षं तिथे होते आणि आता दुसऱ्या डोंगरावरच्या रोपवेची सुरक्षा बघते. नव्यानं आलेल्यांना ही गोष्ट सांगायची वेळ बऱ्याचदा येते. सगळ्यांना वाटतं, ही मी बटण दाबल्याची गोष्ट आहे. काहींना वाटतं, भोईटेमामांची आहे. मी दोन्हीला हो म्हणते आणि मंगळवारची सकाळ बहुतेक वेळा सांगायची टाळते. ती इथे सांगते.

मंगळवारी साडेसातला मामा स्वतःहून ओट्यावर पुढे आले आणि त्यांनी सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. गरगरणं, पट्ट्यावर लोंबकळणं, दुर्बीण, सह्या.  सगळे खाली बघत होते. साहेब म्हणाले, "धनवटेबाईंनी थांबवला नसता, तर हे कळलं नसतं." फिरोजनं माझ्याकडे बघून मान डोलावली. तिकिटाच्या बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

तो हात मला सहन होईना.

"साहेब," मी म्हणाले, "मला काही सांगायचंय."

त्यांनी उजवी बाजू माझ्याकडे केली.

"तो ठोका मला शनिवारीसुद्धा जाणवला होता. तसाच. मी थांबवला नाही. शेडगेसारखं व्हायला नको म्हणून. आणि रविवारी तुम्ही विचारलंत, पाळणे कुठे होते, तेव्हा मी बघितलं नाही म्हटलं. रविवारी खरंच बघितलं नव्हतं. पण शनिवारी बघितलं होतं. ते सांगितलं असतं तर शनिवारी का नाही थांबवलंस, असं तुम्ही विचारलं असतं."

 मामांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. शनिवारी दुपारपासून रविवारी अकरापर्यंत किती माणसं त्या दोरावरून गेली, हा हिशेब मी रात्रंदिवस करत होते. आता तो सगळ्यांच्या मनात चालू झाला असणार.

साहेबांनी खिशातून कागद काढला.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"सव्वाचारच्या सुमाराला."

"कुठला पाळणा?"

"सात नंबरचा. खाली येत होता. तीन नंबरच्या टॉवरवरून जात होता."

त्यांनी ते लिहिलं. मी बोलले तसं, शब्द न शब्द. मग कागदावरून नजर उचलून सगळ्यांकडे बघितलं.

"आणखी कुणी?"

फिरोज एक पाऊल पुढे आला.